समुद्र-सफरीआधी आजींचे कागद पाहा

वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत समुद्र कोठे नाही. वर्ध्याहून रेल्वेने मुंबई गाठायची तर सुमारे साडेसातशे किलोमीटर. तरीही वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील घरांत आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी साजरी करण्याचा विषय निघाला की हल्ली क्रूझचे नाव पुढे येते. त्यात नवल नाही. तीन पिढ्यांनी एकत्र जावे, असाच हा प्रवास आहे. वडीलधाऱ्यांना रोज सामान बांधावे लागत नाही. खोली तीच राहते, खिडकीबाहेरचे गाव तेवढे बदलते. जैन भोजन मिळेल का, कंदमुळांशिवाय रांधतील का, सूर्यास्तापूर्वी वाढतील का, याची चौकशी आपल्याकडे सर्वांत आधी होते आणि ती व्हायलाच हवी. कागदपत्रांची चौकशी मात्र पुष्कळदा पैसे भरून झाल्यावर होते.

वीरचंद राघवजी गांधी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी समुद्रमार्गे गेले, तेव्हा त्यांच्यापुढे अडथळा होता तो समाजातील विरोधाचा. पासपोर्टची सक्ती पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि १९२० च्या कायद्याने ती पक्की झाली. आज समुद्र ओलांडण्यास घरचे कोणी हरकत घेत नाही. हरकत निघते ती धक्क्यावरील तपासणीत. तेथे एखादा कागद कमी पडला तर त्या प्रवाशाला जहाजावर घेत नाहीत आणि भरलेले पैसेही बहुधा परत मिळत नाहीत. असा मागे राहणारा प्रवासी कुटुंबातील कोणीही असू शकतो. पण ज्यांच्यासाठी सारा घाट घातला, त्या आजींच्या बाबतीत हा धोका सर्वांत अधिक असतो.

कारण साधे आहे. त्यांच्या पिढीतील अनेकींच्या जन्माची नोंदच झालेली नसते. शाळेचा दाखला असलाच तर माहेरच्या नावाने असतो. लग्नात केवळ आडनाव नव्हे, पहिले नावही बदललेले असते. आधार कार्डावर जन्मतारीख अंदाजे नोंदवलेली, मतदार ओळखपत्रावर वर्ष निराळे आणि बँकेच्या पुस्तकात नावाची इंग्रजी अक्षरे तिसऱ्याच पद्धतीची. ही विसंगती त्यांना पन्नास वर्षे कधी जाणवली नाही, कारण प्रत्येक कागद आपापल्या जागी चालून गेला. पासपोर्टच्या अर्जात हे सारे कागद प्रथमच एकमेकांशेजारी ठेवले जातात.

यावर मार्ग आहेत. पूर्वी २६ जानेवारी १९८९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला अनिवार्य होता. डिसेंबर २०१६ मध्ये ती अट शिथिल झाली आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, विमा पॉलिसी यांपैकी जन्मतारीख असलेला पुरावाही ग्राह्य धरला जाऊ लागला. आता १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी मात्र जन्मदाखलाच लागतो. म्हणजे आजींचा अर्ज अनेक पुराव्यांवर होऊ शकतो. तान्ह्या पणतीला पर्याय नाही. लग्नानंतरच्या नावासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा पतिपत्नीचे संयुक्त घोषणापत्र चालते. पहिले नावच बदललेले असेल आणि जुन्या-नव्या नावांचा दुवा जोडणारा कागद नसेल, तर राजपत्रातील प्रसिद्धीसारख्या अधिक पुराव्याची तयारी ठेवावी लागते. त्यात सहज काही आठवडे जातात.

वर्धा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. मोठ्या शहरांपुरती असलेली ही सोय २०१७ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊ लागली. अर्ज संकेतस्थळावर भरायचा, दिवस व वेळ घ्यायची, मूळ कागदांसह स्वतः हजर राहायचे आणि पुढे स्थानिक पोलीस ठाण्याकडून पडताळणी होते. नव्या अर्जात साठी ओलांडलेल्यांना शुल्कात १० टक्के सूट असते. अर्ज भरताना घाई नडते ती नाव व आडनाव यांच्या रकान्यांत. आडनावाचा रकाना रिकामा सोडून पासपोर्टवर एकच शब्द आला, तर पुढे पंचाईत होते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून असे एकशब्दी नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली. दुबईहून निघणाऱ्या जहाजांचे प्रवासी त्यात आलेच. जहाजाचे आणि विमानाचे आरक्षणही पासपोर्टवरील अक्षरांप्रमाणेच करावे. घरात रूढ असलेले नाव तेथे उपयोगाचे नाही.

सगळ्याच सफरींना पासपोर्ट लागतो, असे नाही. मुंबईहून गोवा वा लक्षद्वीप करून परतणारी सफर देशांतर्गत असते. तिच्यासाठी भारतीय नागरिकाला छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पुरते. मात्र लक्षद्वीपवर उतरण्यास भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार की प्रवाशाने स्वतः काढायचा, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. पहिल्या अनुभवासाठी ही सफर उत्तम.

खरी गफलत होते ती सिंगापूरच्या सफरीत. प्रवासी विमानाने सिंगापूरला उतरतो, तेथून जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाते आणि पुन्हा सिंगापूरच्याच धक्क्याला लागते. आपण सिंगापूरला एकदाच गेलो, अशी आपली समजूत असते. तेथील अधिकाऱ्यांच्या लेखी तो दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तो विमानतळावरच खर्ची पडलेला असतो. म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा आणि सिंगापूरचे आगमनपत्रही ठरलेल्या मुदतीत संकेतस्थळावर भरायला हवे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाची सूट दिली खरी. पण अशा सवलती मुदतीच्या असतात. शेजाऱ्यांना गेल्या वर्षी लागला नाही, हा पुरावा नव्हे.

युरोपातही हेच. बार्सिलोना, मार्सेय, जिनोव्हा ही बंदरे तीन देशांतील असली तरी एकाच शेंगेन व्हिसात येतात. जहाज मध्येच माँटेनेग्रोच्या कोटोरला किंवा तुर्कस्तानला गेले की शेंगेन क्षेत्र सुटते आणि परतताना पुन्हा प्रवेश मोजला जातो. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; सोबत ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते. जहाज कंपन्या पासपोर्टची वैधता परतीच्या तारखेनंतर सहा महिने असावी, असा आग्रह बहुधा धरतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा साधारणपणे पाचच वर्षांचा. त्यामुळे सर्वांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले असले, तरी नातवाचा आधी संपतो. आजीआजोबा नातवंडांना आईवडिलांशिवाय नेत असतील, तर दोघांचेही लेखी संमतिपत्र जवळ ठेवावे. घरात गर्भवती सून असेल तर तिचे आठवडे मोजूनच तारीख ठरवावी. बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यानंतर जहाजावर घेत नाहीत.

डब्याविषयीही थोडे. वडीलधाऱ्यांच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, ती इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ वेष्टनासह. खाकरे, चिवडा, मुखवास घरचे नेण्याची आपली रीत आहे. मुखवासात किंवा मसाल्यात खसखस असेल तर तो डबा घरीच राहू द्यावा. अमिरातीत आणि सिंगापुरात खसखशीला बंदी आहे.

काही जहाजांवर चढताच पासपोर्ट कंपनीकडे जमा होतात आणि हाती खोलीचे कार्ड मिळते. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन छायाप्रती आधीच काढून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. पण त्या दिवसाला अजून अवकाश आहे. आधी एखाद्या रविवारी आजींना जवळ बसवून त्यांची लोखंडी पेटी उघडावी. त्यांचे माहेरचे नाव, शाळेचे गाव आणि लग्नाचे वर्ष त्यांनाच विचारून एका कागदावर लिहून घ्यावे आणि आधार कार्ड त्या कागदाशेजारी ठेवून पाहावे. तिकिटाचे पैसे त्यानंतर भरावेत.