सोपाऱ्याचा विटांचा स्तूप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नालासोपारा पश्चिमेला, सोपारा गावाजवळ, जुन्या विटांचा एक मोठा उंचवटा आहे. त्याच्याभोवती पुराव्यांपेक्षा दंतकथाच जास्त जमल्या आहेत.

गैरसमज : हा एखाद्या राजाचा किल्ला होता.
वस्तुस्थिती : स्थानिक लोक या जागेला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले, त्यामुळे हा समज रुजला. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला, तेव्हा आत ना तटबंदी निघाली ना वाडा. मधोमध विटांची चौकोनी कोठी होती आणि तिच्यात एक दगडी पेटी. ही रचना बौद्ध स्तूपाची.

गैरसमज : हे पडलेलं देऊळ आहे, गाभारा आत गाडला गेला असणार.
वस्तुस्थिती : स्तूपाला गाभारा नसतोच. तो आतून भरीव असतो. पवित्र वस्तू पोटात कायमची बंद करायची आणि भाविकांनी बाहेरून प्रदक्षिणा घालायची, अशी त्याची रीत. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या जागी डोंगर होता, म्हणून तिथे कातळ कोरला. सोपारा खाडीकाठच्या सपाट जमिनीवर, म्हणून इथे विटा रचल्या.

गैरसमज : स्तूप सम्राट अशोकाने बांधला, हे सिद्ध झालं आहे.
वस्तुस्थिती : सिद्ध झालं आहे ते एवढंच, की सोपारा अशोकाच्या राज्यात होतं. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुटका तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. पण आठवा लेख राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचं सांगतो, तर नववा लोकांच्या मंगलविधींबद्दल आहे. सोपाऱ्याच्या स्तूपाचा उल्लेख दोन्हींत नाही. लेख आणि स्तूप एकाच परिसरातले, म्हणून बांधणाराही एकच, असं म्हणता येत नाही.

गैरसमज : मग आत सापडलेल्या नाण्यावरून तरी वय पक्कं ठरतं.
वस्तुस्थिती : खरी गंमत इथेच आहे. दगडी पेटीत तांब्याचा करंडा होता. त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. या ठेव्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, म्हणजे काळ साधारण इसवी सनाचं दुसरं शतक. नाण्यावरून इतकंच कळतं, की हा ठेवा त्या राजाच्या आधीचा असू शकत नाही. पण तांब्याच्या करंड्याभोवती आठ ब्राँझ मूर्तीही होत्या : सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातली. म्हणजे ही कोठी एकदा बंद झाल्यावर कित्येक शतकांनी पुन्हा उघडली गेली आणि तिच्यात भर पडली, हाच सरळ अर्थ. अशा वास्तूला एकच जन्मसाल चिकटवणं चुकीचं.

गैरसमज : बुद्ध स्वतः इथे आले होते आणि त्यांचं भिक्षापात्र आत सापडलं.
वस्तुस्थिती : सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याने चंदनाचा विहार बांधला आणि बुद्ध तिथे आले, ही कथा ‘दिव्यावदान’ या ग्रंथात आहे. ऐतिहासिक बुद्धाचा वावर मात्र गंगेच्या खोऱ्यातला. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे निघाले. ते भिक्षापात्राचे, हा अर्थ भगवानलालांनी या कथेच्या आधारे लावला. ठेवणाऱ्यांची श्रद्धा त्यातून दिसते. तुकडे कोणाच्या पात्राचे, हे त्यातून ठरत नाही.

गैरसमज : या आडगावी इतका मौल्यवान ठेवा म्हणजे निव्वळ योगायोग.
वस्तुस्थिती : शूर्पारक, म्हणजेच सोपारा, हे तेव्हाचं नावाजलेलं बंदर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो, नाशिकच्या लेण्यांत उषवदाताच्या दानाच्या यादीतही हे नाव आहे. व्यापार होता, म्हणून दानं होती. आणि दानं येत राहिली, म्हणून स्तूपात पुढेही भर पडली.

हे करंडे आणि मूर्ती पाहायला सोपाऱ्याला जाऊन उपयोग नाही; त्या मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्यात पाहायच्या त्या विटा. आणि कुणी छातीठोकपणे ‘हा अमक्याने बांधला’ असं सांगितलं, तर एवढंच विचारावं : लेखावरून, नाण्यावरून, की मूर्तींवरून? तिन्हींचे काळ वेगळे आहेत.