समुपदेशनाचं ‘इंटेन्सिव्ह सेशन’ म्हणजे काय? पैसे भरण्याआधी हे वाचा

मनाच्या त्रासासाठी शहरातल्या समुपदेशकाकडे जायचं म्हटलं की गावच्या माणसाला पहिली अडचण येते ती फेऱ्यांची. आठवड्याला एक बैठक, तीही पाऊण ते एक तासाची. अशा आठ-दहा बैठका. सकाळची एसटी धरायची, दिवसाची मजुरी बुडवायची, तासभर बोलायचं आणि संध्याकाळी घरी. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर जाणं सुटतं आणि त्रास तसाच राहतो.

यावर उपाय म्हणून काही खासगी समुपदेशक ‘इंटेन्सिव्ह सेशन’ देतात. म्हणजे दर आठवड्याला तासभर बसण्याऐवजी एकाच दिवशी तीन तास, किंवा लागोपाठ दोन-तीन दिवस काम करायचं. ही सोय चांगली आहे, पण प्रत्येकासाठी नाही. कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

ही पद्धत आली कुठून?

स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८९ मध्ये एका बैठकीच्या उपचाराची पद्धत मांडली. कोळी, कुत्रा, इंजेक्शन अशा एखाद्या ठरावीक गोष्टीची जबर भीती असेल, तर जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत उपचार करायचे. रुग्णाला जबरदस्तीनं भीतीपुढं ढकलायचं नाही. त्याच्या संमतीनं, पायरी-पायरीनं त्या गोष्टीच्या जवळ न्यायचं.

नॉर्वेतल्या बर्गन शहरात मंत्रचळावर, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, कडी-कुलूप तपासत राहणं अशा आजारावर, चार दिवसांचा उपचार दिला जातो. पहिल्या दिवशी समजावून सांगतात, मधले दोन दिवस प्रत्यक्ष सराव आणि चौथ्या दिवशी पुढं घरी काय करायचं याची तयारी. तीन ते सहा जणांचा गट असतो, पण जेवढे रुग्ण तेवढेच उपचार करणारे असतात. एखादा मोठा अपघात किंवा हल्ला मनातून जात नसेल, तर त्यावरही आठवडाभराचे सलग उपचार इंग्लंडमध्ये अभ्यासून पाहिले गेले आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्रास नेमका काय आहे ते आधी ठरलेलं असतं. ‘सगळ्याच अडचणी एका दिवसात मिटवतो’ असं यात कुठंच नाही.

हिशेब कसा बसतो?

समजा सहा तासांचं काम आहे आणि फी तासाला ८०० रुपये. फी दोन्हीकडे सारखीच, ४८०० रुपये. एसटीभाडं आणि बुडालेली मजुरी मिळून एका फेरीला ६०० रुपये धरा. सहा फेऱ्यांचे ३६०० होतात, तीन-तीन तासांच्या दोन फेऱ्यांचे १२००. म्हणजे २४०० रुपये वाचतात. पण प्रत्येक वेळी ८०० ऐवजी २४०० रुपये फी एकदम द्यावी लागते. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुमच्याकडची फी विचारून हिशेब करा.)

कुणी यात पडू नये?

• मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर. अशा वेळी लांब बैठकीची तारीख मिळायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माणसाला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा.
• कानात आवाज येणं, सगळ्यांवर संशय, रात्र-रात्र झोप नसणं. इथं आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लागतात.
• रोजची दारू एकदम बंद केल्यावर हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. हे काम दवाखान्याचं आहे, नुसत्या बोलण्याचं नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. तुमचं शिक्षण काय? ‘समुपदेशक’ या पाटीमागं वेगवेगळं शिक्षण असू शकतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांनाच आहे.

२. आधी एक छोटी भेट होईल का? चांगला समुपदेशक आधी त्रास समजून घेतो आणि लांब बैठक तुम्हाला झेपेल का ते बघतो. गरज नसेल तर तसं सांगतोही.

३. तीन तासांत काय काय होणार? मध्ये सुट्टी किती? मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल का? थांबण्याचा हक्क तुमचाच आहे.

४. नंतर काय? दोन-तीन आठवड्यांनी फोनवर किंवा प्रत्यक्ष भेट हवीच. बैठकीत शिकलेलं घरी केलं नाही तर जुनी सवय परत येऊ शकते.

५. यायला जमलं नाही तर पैसे परत मिळतील का? हे लिहून घ्या आणि पावती मागा.

‘शंभर टक्के गॅरंटी’ देणारा आणि ‘डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद करा’ म्हणणारा, या दोघांकडून उठून यायचं. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

जाताना घरचं एक माणूस सोबत न्या. त्यानं बाहेर बसावं, आत काय बोलणं झालं ते खोदून विचारू नये. इतका वेळ बोलल्यावर डोकं जड होतं, म्हणून परतीला स्वतः मोटारसायकल चालवू नका. त्या दिवशी जमिनीचा, पैशाचा किंवा सोयरिकीचा मोठा निर्णयही घेऊ नका.

पैसे नसतील तर?

खासगी बैठक हा एकच रस्ता नाही. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावा. सेवा मोफत आहे, दिवस-रात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधं मिळतात. कुठल्या वारी जायचं ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे.

कर्ज काढून लांब बैठक घ्यायची गरज नाही. आधी १४४१६ वर फोन करा, नेमका त्रास काय आहे ते समजून घ्या आणि मग ठरवा. हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, गावच्या ग्रुपवरही टाका.