मदतनीस ताई, चौथ्या वर्षी काम सोडू नका

"कांदा भरायला गेलं तर रोज जास्त पडतो, मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून कशाला राबायचं?" दर हंगामात गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघतोच. प्रश्न खोटा नाही. मानधन कमी, तेही कधी उशिरा. पण ताईंनो, हिशोब फक्त या महिन्याचा करू नका.

केंद्राच्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेविकांच्या निम्म्या जागा बढतीने भरायच्या आहेत, त्याही ५ वर्षं अनुभव असलेल्या मदतनीसांमधून. पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा तशाच ५ वर्षं काम केलेल्या सेविकांमधून. म्हणजे स्वयंपाक करणारी, मुलं गोळा करून आणणारी बाई उद्या सेविका होऊ शकते. मात्र चौथ्या वर्षी काम सोडलं आणि पुन्हा लागलात, तर मोजणी परत पहिल्यापासून.

नुसतं टिकून भागत नाही, हेही खरं. शिक्षणाची अट आहेच. आपल्या राज्यात २०२३ पासून नव्या भरतीला बारावी पास लागतं, आणि जुन्या बऱ्याच मदतनीस सातवी-आठवीवर थांबलेल्या. काम हातात असतानाच १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी करता येते. पुढे पर्यवेक्षिकेसाठी पदवी हवी, ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून होते. घरचे हसतील. हसू द्या.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. हिशोब सोपा: महिन्याच्या रकमेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, तेवढे पैसे दर वर्षामागे. समजा महिना ७,८०० रुपये, तर वर्षाला ४,५०० आणि १० वर्षांचे ४५,०००. पण त्यालाही सलग ५ वर्षं लागतात. निकाल लागला म्हणजे पैसे आले असं मात्र समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राज्यातल्या संपात ग्रॅच्युइटी ही एक मागणी होतीच.

बाळंतपण आलं की पुष्कळ जणी सरळ काम सोडतात. इथेच नुकसान होतं. राजीनामा देऊ नका, रजा मागा. ग्रॅच्युइटीसाठी सेवा मोजताना बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजा खंड धरत नाहीत.

नेमणुकीचा आदेश आणि रुजू झाल्याची तारीख लिहिलेला कागद ट्रंकेत जपून ठेवा, झेरॉक्स गटाच्या दप्तरातही असू द्या. ५ वर्षं भरली की प्रकल्प कार्यालयात जाऊन ज्येष्ठता यादीत आपलं नाव कितवं आहे ते विचारा. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. एकटीला अवघड वाटलं तर गटातल्या दोघी-तिघींना सोबत न्या.