साक्ष, तारीख आणि कागद : खानदेशातील खटला चालविणाऱ्या वकिलाच्या व्यावसायिक वैफल्याचा विचार

प्रास्ताविक

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण पक्षकाराला उद्देशून आहे. ती पायरी रोज चढणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याविषयी मराठीत फारशी सहानुभूतीची म्हण आढळत नाही. वकिलाविषयी समाजात धाक असतो, थोडा संशय असतो, क्वचित कौतुकही असते. परंतु त्याच्या वाट्याला येणाऱ्या वैफल्याचा विचार सहसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात, कनिष्ठ न्यायालयात प्रत्यक्ष पुरावा नोंदवून खटला चालविणाऱ्या वकिलाच्या या वैफल्याचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. खटला हरणे हे या वैफल्याचे मुख्य कारण नव्हे. हार-जीत हा व्यवसायाचाच भाग असल्याने अनुभवी वकील ती लवकर पचवितो. त्याचे खरे काम न्यायालयात बोलल्या जाणाऱ्या शब्दांत घडते, पण टिकतो तो केवळ कागद. बोललेला शब्द आणि लिहिलेला कागद यांच्यामध्ये काळ व भाषा या दोन गोष्टी उभ्या असतात आणि त्या दोन्ही वकिलाच्या ताब्यात नसतात.

प्रतिमा आणि वास्तव

जळगावच्या वकीलवर्गाला मोठी परंपरा आहे. भारताच्या माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी राजकारणात येण्यापूर्वी जळगावच्या न्यायालयात वकिली केली होती. विशेष सरकारी वकील म्हणून देशभर परिचित झालेले उज्ज्वल निकम यांची कारकीर्दही याच शहरातून सुरू झाली. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात सरकार पक्षाची बाजू त्यांनी मांडली आणि मे २०१० मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षात, विशेष न्यायालयाचा निकाल लागला. सर्वसामान्य माणसाच्या मनातील खटल्याची प्रतिमा अशा खटल्यांवरून तयार होते : रोज सुनावणी, एकामागून एक साक्षीदार, नेमका युक्तिवाद आणि निकाल.

याच जळगावच्या घरकुल प्रकरणाचा इतिहास वेगळा आहे. तत्कालीन नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबाबत फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद नोंदविण्यात आली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली ती मार्च २०१२ मध्ये. खटला जळगावचा, परंतु तो चालला धुळे येथील विशेष न्यायालयात. आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरविणारा निकाल लागला. फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली. त्यानंतर उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली, ही बाब निराळीच. या निकालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. परंतु इतक्या आरोपींच्या खटल्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांना जळगाव ते धुळे हा सुमारे नव्वद किलोमीटरचा, रुंदीकरणाच्या कामाने वर्षानुवर्षे खणून ठेवलेला रस्ता किती वेळा तुडवावा लागला असेल, याची कल्पना त्या महामार्गाने प्रवास केलेला कोणीही करू शकेल.

तारखेचे गणित

घरकुल खटला हा अपवाद म्हणून सोडून दिला तरी नित्याच्या कामाचे चित्र फार निराळे दिसत नाही. सकाळी बोर्डावर कामांची यादी लागते. पुकारा होतो. साक्षीदार आलेला असतो तर मुद्देमाल आलेला नसतो. मुद्देमाल आलेला असतो तर आरोपीला कारागृहातून आणलेले नसते. सर्व जण हजर असतात तेव्हा आधीच्या खटल्यातील साक्ष लांबते आणि दुपारी चार वाजता पुढची तारीख पडते. वकिलाने त्या साक्षीदारासाठी आदल्या रात्री केलेली तयारी तेथेच संपते. पुढील तारखेला ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते आणि या दुसऱ्या तयारीचे शुल्क कोणताही पक्षकार देत नाही.

तारखांना आळा घालण्याचे प्रयत्न कायद्याने केलेले नाहीत असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने एका पक्षकाराला दाव्याच्या सुनावणीत तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नये, असे बंधन घातले. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तीत फौजदारी खटल्यासाठी ही मर्यादा दोनवर आणली आहे. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेला आहे हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असेही कायदा सांगतो. कागदावर हा नियम निर्दोष आहे. परंतु अमळनेर किंवा भुसावळ येथील वकिलाची दोन कामे एकाच दिवशी, एकाच इमारतीतील दोन न्यायालयांत निघतात तेव्हा त्याने काय करावे, याचे उत्तर नियमात नाही. मग कनिष्ठ सहकारी एका न्यायालयात उभा राहून ‘साहेब येत आहेत’ एवढे एकच वाक्य शक्य तितक्या सावकाश बोलतो.

या विलंबाचा सर्वांत मोठा आघात होतो तो स्मृतीवर. उलटतपासणी ही स्मृतीची परीक्षा असते. घटनेनंतर सहा महिन्यांनी विसंगत बोलणारा साक्षीदार खोटे बोलत असण्याची शक्यता असते; आठ वर्षांनी विसंगत बोलणारा साक्षीदार बहुधा केवळ विसरलेला असतो. बचाव पक्षाच्या वकिलाला त्या विसंगतीचा लाभ घ्यावा लागतो, कारण तसे न करणे हा अशिलाचा विश्वासघात ठरेल. सरकारी वकिलाला विसरलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो. आपण सत्याच्या शोधात साहाय्य करीत आहोत की केवळ काळाने केलेल्या नासाडीची विभागणी करीत आहोत, हा प्रश्न दोघांनाही पडत असल्यास नवल नाही.

फितूर साक्षीदार

गावातील मारहाणीचा किंवा बांधाच्या वादाचा खटला उभा राहतो तेव्हा आरोपी, फिर्यादी व साक्षीदार हे बहुधा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच भाऊबंदकीत राहणारे असतात. खटला चालावयास येईपर्यंत मध्ये दोन-तीन लग्ने झालेली असतात, सोसायटीची निवडणूक होऊन गेलेली असते आणि पंचायतीत समेटही झालेला असतो. साक्षीदार शपथेवर सांगतो, ‘मला काही माहीत नाही.’ पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर त्याची सही नसते, कारण कायद्यानेच ती घेण्यास मनाई आहे. त्या जबाबाचा उपयोग त्याच्या साक्षीतील विसंगती दाखविण्यापुरताच होतो. सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन स्वतःच बोलावलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतो आणि साक्षीदार एकेक वाक्य नाकारीत जातो.

फितूर साक्षीदाराची साक्ष संपूर्णपणे बाद होत नाही, तिच्यातील विश्वासार्ह भाग ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सत्पाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनाही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. परंतु ही योजना धमकीचा विचार करते. नातेसंबंधाच्या दडपणावर तिच्यात उपाय नाही; कदाचित तो कोणत्याच योजनेत असू शकत नाही. १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या जळगावच्या स्त्री-अत्याचार प्रकरणात तर बदनामीची भीती हेच सर्वांत मोठे दडपण होते. पीडित स्त्रिया पुढे येण्यास कचरल्या आणि अनेक खटले पुराव्याअभावी टिकू शकले नाहीत. अशा वेळी साक्षीदाराला दोष देण्यास वकिलाचे मन धजत नाही आणि रिकाम्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून शिक्षा मागता येत नाही.

अहिराणीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत

खानदेशातील वकिलाची एक अडचण महाराष्ट्राच्या इतर भागांतील वकिलांना सहजासहजी उमगत नाही. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. १९९८ मधील अधिसूचनेने तो प्रश्न निकाली निघाला, असे समजले जाते. परंतु धुळे, शिरपूर, साक्री, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातील साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून अहिराणी बोलतो. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांसोबत केला होता. ते वर्गीकरण वादग्रस्त मानले तरी अहिराणीचे व्याकरण प्रमाण मराठीहून किती वेगळे आहे, हे त्यावरून दिसते.

उदाहरणार्थ, ‘वावर’ हा शब्द घ्यावा. अहिराणीत वावर म्हणजे शेत. ‘तेनं वावर तठे शे’ याचा अर्थ ‘त्याचे शेत तेथे आहे’. ‘त्याचा वावर तेथे आहे’ असे हे वाक्य नोंदले गेले तर प्रमाण मराठीच्या वाचकाला त्यातून केवळ येणे-जाणे कळेल. ताबा हाच वादाचा विषय असलेल्या दाव्यात या दोन अर्थांमधील अंतर म्हणजे संपूर्ण दावाच होय. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. एका मात्रेची चूक वारसाहक्काच्या प्रकरणात काय करू शकेल हे वेगळे सांगावयास नको. विशेषतः २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाल्यानंतर. स्थानिक लघुलेखक अशी चूक करणार नाही. परंतु न्यायाधीशांची बदली ठरावीक वर्षांनी होते आणि कोकणातून किंवा मराठवाड्यातून नुकत्याच आलेल्या न्यायाधीशाला ही भाषा कानाला सरावेपर्यंत काही महिने जातात. आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या पावरी किंवा भिल्ली भाषकांची स्थिती याहून बिकट असते.

दिवाणी दाव्यात आणखी एक गुंता आहे. २००२ च्या दुरुस्तीनंतर सरतपासणी शपथपत्राने होते. हे शपथपत्र वकिलाच्या कार्यालयात शुद्ध, कायदेशीर मराठीत टंकलिखित होते. त्यावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याला उलटतपासणीत विरुद्ध बाजूचा वकील ‘निर्वेध वहिवाट म्हणजे काय?’ असे विचारतो. शेतकरी गप्प राहतो. त्याची वहिवाट खरी असते, शब्द मात्र त्याचा नसतो. न्यायालयाचा वेळ वाचविण्यासाठी केलेल्या या तरतुदीने साक्षीदाराचा स्वतःचा आवाजच काढून घेतला, असे म्हणावेसे वाटते.

प्रश्न कोठे जातो?

पुरावा नोंदविण्याच्या पद्धतीतच वकिलाच्या वैफल्याचे मूळ अधिक खोल गेले आहे. साक्ष साधारणपणे निवेदनाच्या स्वरूपात लिहिली जाते. प्रश्नोत्तरे जशीच्या तशी लिहिणे हा न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग असतो. त्यामुळे वकिलाने विचारलेला प्रश्न नोंदीत उरत नाही. साक्षीदार ज्या प्रश्नावर अडखळला, ज्याच्या उत्तरापूर्वी त्याने मागे बसलेल्या भावाकडे पाहिले, त्या प्रश्नाची परिणती ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो’ या साच्यातील वाक्यात होते. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे, पण कामाच्या रेट्यात तो क्वचितच वापरला जातो. शिवाय एका न्यायाधीशाने नोंदविलेल्या पुराव्यावर त्याच्या जागी आलेला दुसरा न्यायाधीश निकाल देऊ शकतो. ज्याने साक्षीदाराचा चेहरा पाहिला तो निघून गेलेला असतो आणि जो निर्णय देतो त्याच्यापुढे फक्त कागद असतात.

जळगाव व धुळे हे जिल्हे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. अपील तेथे जाते तेव्हा मराठी साक्षीचा इंग्रजी अनुवाद होतो. अहिराणीत उच्चारलेले वाक्य अशा प्रकारे तिसऱ्या भाषेत पोहोचते आणि त्या वाक्याचा कीस काढणारा वकीलही निराळा असतो. मूळ उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाला आपल्या कामाचे मूल्यमापन कित्येकदा निकालपत्राच्या छायाप्रतीतून समजते.

अशील आणि बार रूम

आर्थिक अस्थिरतेविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. निकालावर अवलंबून शुल्क ठरविण्यास व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे आणि कनिष्ठ वकिलाची पहिली काही वर्षे कशी जातात हे सर्वश्रुत आहे. परंतु अशिलाचा संशय ही वेगळी गोष्ट आहे. न्यायालयात तावातावाने एकमेकांना अडविणारे दोन वकील मधल्या सुट्टीत बार रूममध्ये एकाच टेबलावर चहा घेताना दिसले की अशिलाच्या मनात पाल चुकचुकते. विरोधक हा शत्रू नव्हे, ही या व्यवसायाची सभ्यता आहे; खेड्यातून आलेल्या, वैर पिढीजात जपणाऱ्या माणसाला ती फितुरीसारखी भासते. त्याची समजूत घालता येत नाही, कारण त्याचा खरा प्रश्न ‘निकाल कधी?’ हा असतो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर वकिलाजवळ नसते.

निकाल लागला तरी दिवाणी पक्षकाराची फरफट थांबत नाही. हुकूमनामा मिळाल्यावरच खऱ्या अडचणी सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये केले होते. दरखास्तीच्या तारखांना येणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला ते दीडशे वर्षे जुने आहे, यावर विश्वास बसणार नाही.

एक दुरुस्तीची संधी कायद्याने ठेवली आहे. साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि त्याने चूक दाखविल्यास तशी नोंद घ्यावी, अशी तरतूद आहे. वावर आणि शेत, आंडोर आणि आंडेर यांचा घोळ तेथेच सुटू शकतो. परंतु साक्ष संपते तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजत आलेले असतात. टंकलिखित पाने यंत्रातून बाहेर येतात, शिपाई खिडक्या लावीत असतो आणि शिरपूरकडे जाणारी बस चुकू नये म्हणून साक्षीदार, वाचन चालू असतानाच, सही कोठे करावयाची ते विचारतो.