होडी घेताना कर किती? ॲडव्हान्स देण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

"सेल्स टॅक्स धरून कितीला पडेल?" होडी घ्यायला निघालेला माणूस आजही असेच विचारतो. खरे तर विक्रीकर आता उरलेला नाही. गोव्यात २००५ पासून व्हॅट होता आणि परराज्यातून माल आणला तर केंद्रीय विक्रीकर लागे. १ जुलै २०१७ पासून या दोन्हींच्या जागी जीएसटी आला. बोलण्यात जुना शब्द राहिला, त्यात वावगे काही नाही. पण जुन्या सवयीने "टॅक्स काय, सगळ्या होड्यांना सारखाच असणार" असे गृहीत धरले, तर फटका मोठा बसतो.

आपल्या सभासदांत मासेमारीची होडी असलेली कुटुंबे आहेत, पर्यटकांना फेरी मारून आणणारे आहेत आणि खाडीकाठच्या घरी पाहुण्यांसाठी छोटी होडी ठेवू पाहणारेही आहेत. तिघेही होडीच घेतात, पण तिघांचा कर वेगळा.

होडी कोणती, त्यावर दर

जीएसटीत प्रत्येक वस्तूला एचएसएन कोड असतो. नौकांचे कोड ८९ या प्रकरणात येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले दर असे आहेत:

- मासेमारीच्या नौका (८९०२): ५ टक्के
- प्रवासी व माल वाहून नेणाऱ्या नौका, फेरीबोट, सहलीच्या बोटी, बार्ज (८९०१): ५ टक्के
- वल्ह्याच्या होड्या व कनू (८९०३ मधील): १८ टक्के
- यॉट आणि मौजमजेच्या किंवा खेळाच्या इतर नौका (८९०३): ४० टक्के

शेवटच्या गटावर पूर्वी २८ टक्के कर आणि वर ३ टक्के उपकर होता. आता उपकर गेला, पण दर ४० वर गेला. वल्ह्याच्या होड्यांचा दर मात्र २८ वरून १८ वर उतरला.

फरक रुपयांत पाहू. होडीची मूळ किंमत १० लाख धरली, तर मासेमारीच्या होडीवर कर ५० हजार होतो आणि मौजेच्या स्पीडबोटीवर ४ लाख. किंमत तीच, कोड बदलला की साडेतीन लाखांचा फरक पडतो.

घोळ होतो तो पर्यटनाच्या बोटीत

मासेमारीच्या होडीबद्दल सहसा वाद नसतो. प्रश्न येतो तो डॉल्फिन दाखवायला किंवा नदीत फिरवायला घेतलेल्या बोटीचा. सहलीच्या बोटी ८९०१ मध्ये, म्हणजे ५ टक्क्यांत आहेत. मौजेच्या व खेळाच्या बोटी ८९०३ मध्ये, म्हणजे ४० टक्क्यांत. बोट कोणत्या गटात जाईल हे तिच्या बांधणीवरून ठरते. प्रवासी नेण्यासाठी बाके, छत, लाइफ जॅकेटची जागा अशी रचना असलेली बोट आणि चार जणांच्या मौजेसाठी बांधलेली स्पीडबोट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. "मी धंद्यासाठीच घेतोय" एवढ्यावर स्पीडबोट सहलीची बोट होत नाही. जेट स्की तर मौजेच्या गटातच आहे.

म्हणून कोटेशन मागताना एचएसएन कोड आणि दर दोन्ही त्यात लिहून घ्यावेत. कयाकसारख्या छोट्या वस्तूंनाही हेच लागू. विक्रेत्याने कोणता कोड धरला आहे हे आधीच दिसले, तर शंका विचारायला वेळ मिळतो. बिल हातात आल्यावर बोलून उपयोग नसतो.

इंजिनाचा कर वेगळा पाहावा

पुष्कळदा होडी एकाकडून आणि इंजिन दुसऱ्याकडून घेतले जाते. इंजिनावर सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. पण मासेमारीच्या नौकेसाठीचे सागरी डिझेल इंजिन हे त्या नौकेचा भाग मानले जाते आणि त्यावर ५ टक्केच कर लागतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केले आहे. इंजिन घ्यायला जाताना होडीच्या नोंदणीची आणि मासेमारी परवान्याची प्रत सोबत न्यावी. इंजिन कशासाठी आहे हे विक्रेत्याला कळले, तरच तो योग्य दर लावील. मौजेच्या बोटीच्या सुट्या भागांना ही सवलत नाही.

डिझेल आणि पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहेत. त्यांवर राज्याचा व्हॅटच चालू आहे, तेव्हा रोजच्या खर्चाचा हिशोब वेगळा मांडावा.

मालवणहून आणली तर?

गोव्यातल्या कितीतरी होड्या सिंधुदुर्गातून येतात, काही केरळ-कर्नाटकातून. राज्यातल्या राज्यात खरेदी झाली, तर बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग दिसतात. परराज्यातल्या विक्रेत्याने होडी इथे पोचवून दिली, तर त्याच रकमेचा आयजीएसटी दिसतो. ५ टक्क्यांचे अडीच अधिक अडीच झाले काय किंवा एकदम पाच झाले काय, एकूण तेवढेच. "बाहेरून आणली की टॅक्स वाचतो" हा जुन्या काळचा समज आता सोडून द्यावा.

होडी बांधणारा कारागीर लहान असेल आणि त्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारता येत नाही. कंपोझिशन योजनेतला व्यापारीही बिलात वेगळा कर लावू शकत नाही. मात्र परराज्यात माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. कोणी जीएसटी मागितला, तर बिलावर त्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावे. क्रमांक खरा की खोटा हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येते. क्रमांक नसेल, तर कर म्हणून पैसे देऊ नयेत.

विक्रेता वाहतूक आणि इंजिन बसवणी होडीच्या किमतीतच देत असेल, तर त्या रकमेवरही होडीचाच दर लागतो. बिलात आधीच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या किमतीवर कर धरतात.

जुनी होडी

एखाद्या मच्छीमाराकडून त्याची स्वतःची वापरलेली होडी घेतली आणि तो जीएसटीत नोंदलेला नसेल, तर जीएसटी लागत नाही. जुन्या होड्यांचा व्यापार करणाऱ्याकडून घेतली, तर त्याला सहसा फक्त नफ्यावर, म्हणजे त्याची खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर कर भरता येतो. अट एवढीच की, त्याने खरेदीवरच्या कराचे क्रेडिट घेतलेले नसावे. जुनी होडी घेताना करापेक्षा मालकी हस्तांतरणाकडे जास्त लक्ष द्यावे. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्योद्योग खात्याकडे असते, प्रवासी बोटींचे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे चालते. नोंदीवरचे नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भरलेला कर परत मिळतो का?

ताज्या मासळीवर जीएसटी नाही. त्यामुळे मासेमारीच्या होडीवर भरलेल्या कराचे क्रेडिटही मिळत नाही, तो कर होडीच्या किमतीतच धरावा. बोटीच्या फेऱ्यांवर स्वतः जीएसटी भरणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला प्रवासी वाहतुकीच्या बोटीचे क्रेडिट घेता येते. होमस्टेच्या पाहुण्यांना फुकट फिरवायला ठेवलेल्या होडीवर ते मिळत नाही. प्रवासी वा माल वाहतूक, नौकानयनाचे प्रशिक्षण आणि पुनर्विक्री याच कारणांसाठी कायद्याने नौकांच्या क्रेडिटला मुभा दिली आहे.

आणखी एक आकडा बिलात दिसेल. १० लाखांच्या वरची यॉट, वल्ह्याची होडी किंवा कनू घेतली, तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस गोळा करतो. हा जादा खर्च नाही. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यासाठी पॅन क्रमांक बरोबर द्यावा आणि पावती जपून ठेवावी.

ॲडव्हान्स देण्यापूर्वी

१. कोटेशनमध्ये मूळ किंमत, एचएसएन कोड, दर आणि कराची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. "सगळे धरून" असा एकच आकडा स्वीकारू नका.
२. होडी आणि इंजिन यांचे दर स्वतंत्र तपासा.
३. जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर पाहा.
४. बिल ज्याच्या नावाने परवाना काढायचा त्याच्याच नावाने घ्या. नोंदणी, बँकेचे कर्ज, विमा आणि सरकारी अनुदान या सगळ्यांना तेच बिल लागते.
५. दर परिषदेच्या निर्णयाने बदलू शकतात. मोठी खरेदी असेल, तर त्या दिवशीचा दर कर सल्लागाराकडून पक्का करून घ्या.

होडी हे पुष्कळ घरांत कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून घेतलेले साधन असते. कोटेशनवरचा चार अंकी कोड नीट वाचायला पाच मिनिटे लागतात, पण त्यावर कर्जाचे कितीतरी हप्ते अवलंबून असतात.