लेकीचा पगार घराला चालतो, नाव कागदावर का नाही?

लेखमाला : घर आणि हिशेब | भाग ६

मागच्या भागात आपण सुनेच्या पगाराबद्दल बोललो. आज लेकीच्या पगाराकडे वळू, आणि त्यासाठी नगरमधल्या शीख घरांत डोकावू. प्रश्न साऱ्या जातिधर्मांचा आहे. पण शीख समाजाच्या आचारसंहितेत त्याचं एक उत्तर छापील स्वरूपात आहे, म्हणून सुरुवात तिथून.

नगरचं शिखांशी नातं जुनं. गुरू गोविंदसिंगांचं ‘जफरनामा’ हे पत्र घेऊन भाई दयासिंग दख्खनेत आले, तेव्हा ते ज्याला द्यायचं होतं तो औरंगजेब अहमदनगरला मुक्कामाला होता. आजची वस्ती मात्र बरीचशी फाळणीनंतरची. तारकपूर भागात पंजाबी आणि सिंधी कुटुंबं शेजारी-शेजारी वसली. रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे फौजी कुटुंबांचीही ये-जा राहिली. पहिल्या पिढीनं दुकान थाटलं किंवा ट्रक रस्त्यावर आणला. गल्ल्यावर वडील आणि मुलगा बसणार, हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती. नातीच्या पिढीनं बँकेत, शाळेत, दवाखान्यात, पुण्याच्या कंपनीत नोकरी धरली आणि घरात दर महिन्याला ठरावीक तारखेला येणारा पैसा पहिल्यांदा मुलीच्या खात्यातून आला.

इथं जुनी रीत आडवी येते. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं उत्तरेत मानत. आपल्याकडेही पहिलं मूल होईपर्यंत मुलीच्या सासरी न जेवण्याचा दंडक अनेक घरांनी पाळला. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं, हा त्यामागचा भाव. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ साली मान्य केलेली ‘सिख रहत मर्यादा’ या रिवाजाला थेट भ्रम ठरवते. मुलीच्या घरी गेल्यावर अन्न तयार असेल तर आईवडिलांनी खायला संकोच करू नये, असं तिच्यात सांगितलं आहे. त्यामागे शीख धर्माची मूळ शिकवण आहे: कष्टानं कमवा, नाम जपा, वाटून खा. भाई लालोची कष्टाची भाकर गुरू नानकांनी धनाढ्य मलिक भागोच्या मेजवानीपेक्षा थोर मानली, ही साखी म्हणजे गुरूंची गोष्ट प्रत्येक शीख मूल ऐकतं. कष्ट मुलाचे की मुलीचे, याला त्या भाकरीत काही महत्त्व नाही.

मग अडतं कुठं? घेण्यात आता फारसं अडत नाही. अडतं ते लिहिण्यात. एक नमुन्याचं घर घेऊ. मुलीचा पगार ३२,००० रुपये. त्यातून घरकर्जाचा हप्ता १४,५०० जातो. लाइट बिल तिच्या मोबाइलवरून भरलं जातं, बीजींच्या (आईच्या) रक्तदाबाच्या गोळ्या ती येता-येता आणते, महिनाअखेरीस किराण्याची थकलेली उधारीही तीच मिटवते. पापाजी अभिमानानं सांगतात, ‘हमारी बेटी तो बेटा है.’ घराचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा काढून पाहिला, तर त्यावर नावं दोनच: पापाजी आणि वीरजी, म्हणजे वडील आणि भाऊ. बँकेनं मुलीची पगाराची स्लिप पाहून तिला सहकर्जदार केलं. खरेदीखतात तिचं नाव घालायचं कुणालाच सुचलं नाही.

हा फरक नीट समजून घ्या. सहकर्जदार म्हणून सही केली की कर्ज फेडायची पूर्ण जबाबदारी अंगावर येते, पण तेवढ्यानं घराची मालकी मिळत नाही. हप्ता ती भरत असली तरी घराची सहमालक नसल्यानं त्याची आयकरातली वजावटही तिला घेता येत नाही.

कायदा काय म्हणतो? हिंदू वारसा कायदा शिखांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, केंद्रानं २००५ मध्ये. वडिलांच्या स्वकष्टार्जित घराचं मात्र वेगळं. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी समान वारस. मृत्युपत्रात ते सगळं मुलाच्या नावे करू शकतात. तेव्हा मुलीनं भरलेल्या हप्त्यांचं काय, हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

कर्तव्याच्या बाजूला मात्र कायद्यानं तिला कधीच मोकळं सोडलेलं नाही. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्या वडिलांनी त्यांच्याकडे पोटगी मागितली. पोटगीच्या कलमात ‘त्याचे आईवडील’ असं आहे, म्हणजे ते मुलापुरतंच, असा त्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये तो फेटाळला: लग्नानंतरही मुलगी मुलगीच राहते, आणि नवऱ्याच्या उत्पन्नाशिवाय तिची स्वतःची ऐपत असेल तर आईवडिलांना पोसणं तिच्यावरही बंधनकारक आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानंही मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. जबाबदारीत मुलगी बरोबरीची आहे. मग मिळकतीच्या कागदावरही ती बरोबरीनं यायला हवी.

त्यासाठी घर फोडायची गरज नाही. चार गोष्टी कराव्यात. कर्जावर मुलीची सही घेणार असाल, तर खरेदीखतातही तिचं नाव हवं. घर फक्त महिलांच्याच नावे घेतलं, तर एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. खरेदी आधीच झाली असेल, तर बँकेची संमती घेऊन बक्षीसपत्रानं हिस्सा देता येतो. हप्ता आणि मोठे खर्च रोखीनं न देता खात्यातूनच जाऊ द्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मुलगी भरत असेल, तर जुन्या करपद्धतीत तिला वजावट मिळते. आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील तर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत.

‘घरात कसले हिशेब?’ असं कुणी म्हणेलच. पण मुलाच्या नावानं इंडेक्स टू निघतो, तेव्हा तोही हिशेबच असतो. तो एकाचा ठेवायचा आणि दुसरीचा प्रेमावर सोडायचा, हे वाटून खाण्याच्या शिकवणीत बसत नाही.

(पुढच्या भागात : हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणींनी काय वाचावं?)