चेन सॉचा बार किती इंची घ्यावा?
सरपण वेगळे, फळी वेगळी : वखारवाल्या बांधवांसाठी

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. त्यामुळे जळाऊ लाकडाचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना भट्टीच्या गिऱ्हाइकाची काळजी लागणे साहजिक आहे. चांगला ओंडका फोडून सरपणाच्या भावात देण्यापेक्षा त्याच्या फळ्या काढून सुताराला का देऊ नयेत, असा विचार अशा वेळी कोणाच्याही मनात येईल.

विचार चांगला आहे. मात्र हाताशी असलेल्या चेन सॉला लांब बार लावला की फळ्या पडू लागतील, असे समजून पैसे घालणाऱ्याचे मशीनही जाते आणि लाकूडही.

बार म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती पोलादी पट्टी. तिचे माप मशीनच्या तोंडापासून टोकापर्यंत धरतात. मशीनच्या आत गेलेला भाग त्यात येत नाही. बार जितका लांब, तितकी साखळी लांब, घर्षण जास्त आणि लाकडात एका वेळी रुतणारे दातही जास्त. हे सगळे ओढायचे इंजिनाला. म्हणून बार निवडताना ओंडक्याची जाडी जितकी पाहावी तितकेच इंजिनाचे सीसी पाहावेत.

सरपणासाठी हिशेब सोपा आहे. वखारीत येणारा बहुतेक माल फांद्या आणि लहान बुंधे, म्हणजे चार ते बारा इंचांचा असतो. त्याला १४ किंवा १६ इंची बार आणि ३५ ते ४५ सीसीचे मशीन पुरते. एखादा २४ इंची बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी काप घेऊन १६ इंची बारनेही तो तुटतो. लहान बार हलका असतो, दिवसभर काम करणाऱ्या कामगाराचे हात भरून येत नाहीत. शिवाय त्याचे टोक ढिगातल्या दुसऱ्या लाकडाला किंवा मातीला लागण्याचा संभव कमी. मातीत गेलेली साखळी क्षणात बोथट होते आणि टोक आपटले तर मशीन उसळून कामगाराच्या तोंडावर येते. हा अपघात फार वाईट. मजुरी आपण देतो, तेव्हा त्याच्या जिवाची जबाबदारीही आपलीच. लांब बारच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येईल : जमिनीवरचे लाकूड कापताना उंच माणसाला कमी वाकावे लागते. त्यासाठी १८ इंच पुष्कळ झाले.

बाजारात ५८ सीसीचे स्वस्त मशीन २२ इंची बारसह सर्रास विकले जाते. गिऱ्हाइकाला लांब पट्टी दिसली की माल दणकट वाटतो, एवढेच त्याचे कारण. बाभूळ किंवा ऐनासारख्या कठीण लाकडात पूर्ण २२ इंच रुतवून पाहा, साखळी मंदावते आणि क्लच तापू लागतो. त्याच मशीनला १८ इंची बार व त्याच्या मापाची साखळी घातली तर तेच मशीन दीडपट वयाचे वाटेल.

आता फळ्यांकडे येऊ. फळी काढण्यासाठी बारला लोखंडी चौकट बसवतात. ती बारला दोन ठिकाणी धरते आणि त्यात तीन-चार इंच जातात. म्हणजे २४ इंची बारने साधारण २० इंच रुंदीची फळी, ३६ इंचीने ३२ इंचांची. येथे इंजिन मिनिटेच्या मिनिटे पूर्ण जोरात चालते आणि काप रेषेच्या दिशेने जातो, म्हणून मेहनत आडव्या कापापेक्षा जास्त. २४ इंचासाठी ७० सीसी आणि ३६ इंचासाठी ९० सीसी यांच्या खाली जाऊ नये. साखळीही वेगळी लागते. नेहमीच्या साखळीचे दात ३० अंशांच्या आसपास घासलेले असतात, फळीच्या साखळीचे सुमारे १० अंशांवर. लांब बारला तेलही जास्त लागते. मशीनचा तेलपंप पुरत नसेल तर टोकाकडचा भाग निळा पडतो.

खरा तोटा मात्र भुशात आहे. चेन सॉचा काप सुमारे तीन सूत जाडीचा पडतो. बारा इंची चौरसातून एक इंची ९ फळ्या काढल्या तर ८ काप झाले, म्हणजे २४ सूत, म्हणजे सरळ तीन इंच लाकूड भुसा! बँड सॉवर एका सुताच्या आसपास काप पडतो आणि त्याच चौरसातून दहावी फळी हमखास निघते. सागवानाच्या भावात ही एक फळी काय किमतीची, ते सुताराला विचारावे. म्हणून माझे मत असे की सॉ मिल जवळ असेल आणि ओंडका गाडीत चढत असेल तर तो मिललाच न्यावा. चेन सॉने फळी काढणे परवडते ते जेथे गाडी पोचत नाही तेथे, किंवा मिलच्या आऱ्यात न मावणाऱ्या फणस-आंब्याच्या जाड बुंध्याला. अशा बुंध्यात जुने खिळे असतात, तेही आधी पाहून घ्यावे.

कायद्याची बाजूही आहे. साग, खैर, आंबा, ऐन अशी अनुसूचीतली झाडे खासगी जमिनीतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सॉ मिलला परवाना लागतोच. चौकट लावून विक्रीसाठी फळ्या काढावयाच्या तर तो नियम आपल्याला लागतो काय, हे वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात आधी लेखी विचारावे.

नवीन बार घेताना जुन्याच्या बुडाशी कोरलेले आकडे उतरवून न्यावेत : पिच, गेज आणि साखळीच्या कड्यांची संख्या. तिन्ही जुळले तरच माल घ्यावा. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणाला तरी गेज वेगळा असलेली साखळी घेऊ नये, ती खाचेत डुलते आणि काप वाकडा जातो. साखळीला धार लावताना दर वेळी बार उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.